सत्तेचाळीस नंबरची रांगोळी

आमच्या दारासमोरच्या जागेला सत्तेचाळीस हा नंबर मी दिला. दुसऱ्या कोणी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि लपवण्यात अर्थ नाही.

कुंभकोणममध्ये आमची गल्ली देवळाच्या तळ्याकडे उतरते. मासी महिन्यात, म्हणजे तिकडे महाराष्ट्रात माघ संपत येतो तेव्हा, तळ्यावर उत्सव असतो आणि दहा दिवस गल्लीच्या दोन्ही बाजूंना जत्रा बसते. सुपं, ताडपानांचे पंखे, लोखंडी कढया, शेवया पाडायचे साचे, लाल-हिरवी लाकडी खेळणी, चुरमुऱ्यांचे डोंगर आणि खजुराचे ढीग. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आले. आम्ही घरात मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझे वडील देवळांच्या रथांना लावायची कापडी तोरणं शिवतात. ते पाचवीपर्यंत शिकले, आई तेवढीही नाही. घरात पदवी घेतलेली पहिली मी. विषय भूगोल. आता साक्कोट्टैच्या रस्त्यावर एका शाळेत तोच शिकवते.

या जत्रेत कोणी कुठे बसायचं हे ठरवायला कधी मोजायची फीत लागली नव्हती. पहिल्या दिवशी पहाटे घरची बाई दारापुढचा रस्ता झाडते, शेणाचा सडा घालते आणि तांदळाच्या पिठाची रांगोळी काढते. रांगोळी तर रोजच निघते. पण त्या दिवशी तिच्याभोवती कावेची लाल किनार मारायची. किनार आली की ती नुसती रांगोळी राहत नाही, ती जागा होते. जेवढी किनार तेवढी जागा. विकणारा पाठीवर गाठोडं घेऊन कडेला उभा असतो. घरची बाई 'या' म्हणते, मग तो रांगोळीवर चटई पसरतो. 'या' म्हटल्याशिवाय किनारीच्या आत पाय टाकायचा नाही. रस्ता सरकारी आहे हे सगळ्यांना कळतं. तरी कोणी टाकत नाही.

ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलं असेल, त्या दारात रांगोळी निघत नाही. मग शेजारीण आपली काढून झाली की चार पावलं सरकते आणि त्या दाराचीही काढून देते. घर सुतकी झालं म्हणून विकणाऱ्यानं जागा का गमवावी?

हे फार गोड वाटेल म्हणून पुढचंही सांगते. या किनारींवरून भांडणं होतात. आमच्या शेजारी एक मामी राहतात. नात्याच्या नाहीत, इथे शेजारणीला मामीच म्हणतात. त्यांची किनार दर जत्रेला आमच्या बाजूला वीतभर सरकायची आणि आई ती वीत परत घ्यायची. मी सातवीत असताना यावरून दोघींचं बोलणं बंद झालं, ते आईच्या शेवटापर्यंत बंदच राहिलं.

आमच्या दारात दगडी भांडी विकणारी अक्का बसते. ती सेलमकडची. तिच्या आधी तिची सासू बसायची. मऊ दगडातून कोरलेली काळपट भांडी असतात ती, त्यात शिजवलेलं आंबट दिवसभर टिकतं. अक्का भांडं कानाशी धरून पेरानं वाजवते आणि तडा असेल तर आवाजावरून सांगते. वीत, चार बोटं, पेर ही मापं मला तिनं तिच्या चटईवर बसवून शिकवली. कॉलेजात पहिल्यांदा जमीन मोजायला गेलो तेव्हा बाकीच्या मुली घाबरल्या होत्या, मी नाही. पदवी मिळाली त्या वर्षी तिनं मला एक भांडं दिलं. आमच्याकडे आंबटभाजी अजून त्याच भांड्यात होते. ती मला कण्णू म्हणते, म्हणजे डोळा. मी तिशी ओलांडली तरी म्हणते.

जत्रा सांभाळायला गल्लीचं एक मंडळ आहे. कॉफी पावडरच्या दुकानाच्या माडीवर त्याच्या बैठका होतात, आणि खाली बिया भाजत असल्या की सगळे खोकत निर्णय घेतात. मंडळाची मालमत्ता म्हणजे एक लोखंडी कपाट, दोन कर्णे, बरेचसे दोर आणि एक गोल शिक्का. अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर आहेत. माझा कॉलेजचा अर्ज त्यांनीच त्या कपाटाला टेकून भरला होता आणि खाली मंडळाचा शिक्काही, जरा वाकडाच, मारला होता. कॉलेजला त्याची काही गरज नव्हती, पण वडिलांना तो शिक्का पाहून धीर आला. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा मंडळानं मला सभासद करून घेतलं. मी तिथली पहिली बाई. याचा मला फार अभिमान होता. रांगोळी काढणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव मंडळाच्या वहीत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

म्हणून मार्गळी महिन्यात, जत्रेच्या दोनेक महिने आधी, मंडळाकडे नोटीस आली तेव्हा सगळ्यांत आधी मी हात वर केला.

नोटीस कोणत्या कचेरीची ते लिहीत नाही. तिथली माणसं बदलत असतात आणि माझं भांडण माणसाशी नाही. जत्रेमुळे वाहनांना अडथळा होतो, असं त्यात होतं. दुकानं कुठे बसतात आणि मधून गाडी कशी जाते याचा नकाशा दाखवा, नाहीतर जत्रा बायपासजवळच्या मैदानात हलवा. ते मैदान मी पाहिलं आहे. तिथे एक झाड नाही, नळ नाही आणि एकही दार नाही. अध्यक्षांनी कपाट उघडलं. दोर आणि कर्णे निघाले, कागद निघाला नाही. मी म्हटलं, नकाशा मी काढते.

आई दोन महिन्यांपूर्वी, ऐप्पसीच्या पावसात, गेली होती. मला काहीतरी काम हवंच होतं. शाळा सुटली की मी फीत घेऊन गल्लीत उतरे. मार्गळीत इथे रांगोळ्यांना ऊत येतो. एकेक रांगोळी रस्ताभर पसरलेली, आणि माझी फीत त्यांच्यावरून ओढली जायची. बायका ओरडायच्या. एक म्हणाली, मोजायचं तर मोज, पण पीठ फासू नकोस. मी माफी मागायची आणि पुढचं टोक धरायची. रांगोळी मला मापाच्या आड येत होती.

नकाशा छान झाला. प्रमाण, उत्तरेचा बाण, सूची, गाडीची वाट तुटक रेषेनं दाखवलेली आणि प्रत्येक जागेला चौकोनात नंबर. तळ्याकडून मोजत आले तेव्हा आमचं दार सत्तेचाळिसावं आलं. अध्यक्षांनी तो बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि कोपऱ्यात शिक्का मारला. तो यावेळी सरळ यावा म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला होता.

सादर करण्याआधी मी तो वडिलांना दाखवला. त्यांनी तो शिलाईच्या मशीनवर पसरला, चष्मा लावला आणि आपलं दार शोधून त्यावर बोट ठेवलं.

"बाई, यांत रांगोळी कोठें आहे?"

मी हसले. नकाशात रांगोळी नसते, अप्पा, म्हणाले. ते बरं म्हणाले आणि मशीनला तेल घालू लागले.

कचेरीतल्या साहेबांनी नकाशाची मनापासून स्तुती केली. असं काम त्यांच्या पगारी माणसांकडूनही होत नाही, म्हणाले. मी घरी आले ती पेढे घेऊन. महिन्याभरानं गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर एक कागद चिकटला. जत्रा गल्लीतच होईल, असं त्यात होतं. मात्र आता जागा क्रमांकवार निश्चित झाल्यामुळे सगळ्या एकत्र लिलावानं एका कंत्राटदाराला दिल्या आहेत. विकणाऱ्यांनी जागा त्याच्याकडून घ्यावी. खाली नकाशा जोडला होता. माझंच अक्षर, माझाच उत्तरेचा बाण.

आतापर्यंत त्या जागा कोणालाच विकता येत नव्हत्या, कारण त्यांना नावच नव्हतं. लाल किनारीचा लिलाव कसा करणार? दुपारपर्यंत ती पुसली जाते. मी चौकोन काढले, आकडे घातले आणि विकता येईल अशी वस्तू करून दिली. इतकी वर्षं कोणाला जमलं नव्हतं ते एका भूगोलाच्या पदवीनं केलं.

दोन दिवसांनी अक्काचा फोन आला. तिला कोणीतरी कळवलं होतं की सत्तेचाळीस नंबर मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला गेला. तिला राग आला नव्हता. तिला समजतच नव्हतं.

"कण्णू, मला नंबर कधी होता?"

मी सांगितलं, मी दिला. मग ती म्हणाली की भांडी भरायला घेतली आहेत, ती उतरवायची की नाही तेवढं सांग. मी म्हटलं, उतरवू नकोस. असं म्हणायला माझ्या हातात काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले आणि नकाशा परत मागितला. साहेब सौम्यपणे म्हणाले, सादर झालेला कागद परत होत नाही. शिवाय त्यावर तुमच्याच मंडळाचा शिक्का आहे. बसा, कॉफी घ्या. मी उभ्यानंच निघाले.

त्या संध्याकाळी माडीवर बैठक भरली. कंत्राटदारानं निरोप पाठवला होता की कमानीवर मंडळाचं नाव घालतो आणि तळ्याच्या टोकाच्या काही जागा जुन्या माणसांना देतो. कॉफीवाले म्हणाले, घेऊन टाका, पुढच्या वर्षी तेवढंही मिळणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टीचर, तुम्ही तर पोर्शन परीक्षेआधीच पुरा केलात." सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी शिक्का रुमालात गुंडाळून ठेवला होता आणि ते मान्य करणार हे दिसत होतं.

माझे वडील मंडळाच्या बैठकीला कधी येत नसत. त्या दिवशी ते कर्ण्यांची खोळ शिवून द्यायला आले होते आणि दाराशी थांबले होते. त्यांनी तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की यंदा किनार मारायची की नाही. कॉफीवाले म्हणाले, अय्या, आता किनारीचं काय घेऊन बसलात, रस्ता त्यांनी घेतला आहे.

"रस्ता घेतला असेल," वडील म्हणाले. "दार कोणी घेतलं?"

मग मी बोलले. नंबर मी दिले आहेत, म्हणून पुसायची जबाबदारी माझी. तुम्हाला तडजोड करायची असेल तर करा, पण मी घरोघर जाणार. अध्यक्षांनी डोळे मिटून विचारलं, मंडळाच्या वतीनं जाणार की स्वतःच्या? मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं. ते म्हणाले, मंडळाच्या वतीनं जा. पण शिक्का नेऊ नकोस.

मी नकाशाची एक प्रत घेऊन एकेका ओट्यावर गेले. प्रत्येक बाईला तिचं दार दाखवायचं आणि तिथे काय लिहिलं आहे ते वाचायचं. कढयांवाला ज्यांच्या दारात बसतो त्या बाईंनी बराच वेळ पाहून विचारलं, यात माझं नाव कुठे आहे? नकाशात नावं नसतात, मी म्हटलं. "मग तुझ्या कागदाला विचार, पहाटे कोण काढणार ते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी तशीच बसून राहिले. त्या हात पुसत परत आल्या आणि म्हणाल्या, काढीन, पण तुझ्यासाठी नाही.

काही जणींनी नाही म्हटलं. एकीच्या मुलाचा नोकरीचा अर्ज त्याच कचेरीत पडून होता. तिला मी आग्रह केला नाही. बाकीच्या हो म्हणाल्या. काही तर मला रागावून हो म्हणाल्या, आणि तो राग मी आनंदानं घेतला.

शेवटचं दार मामींचं राहिलं. आमचं घर सुतकी. आमच्या दारात काव लागायची तर ती मामींच्या हातची लागणार, आणि आईशी त्या वीस वर्षं बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्या पायरीखाली उभी राहिले. त्यांनी वर बोलावलं नाही. मी सगळं सांगितलं. अक्काची भांडी निघाली आहेत, सत्तेचाळीसवर माणूस येणार आहे, रिकामी जागा असली तर तो बसेल. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, पाहू. एवढंच.

जत्रेच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराची माणसं पांढरा ऑईलपेंट घेऊन आली आणि माझे आकडे डांबरावर उतरवून गेली. आमच्या दारापुढचा सात थोडा वाकडा आला. मी घरातून पाहत होते. कोणी त्यांना अडवलं नाही, त्यांनी पाणी मागितलं तर पाणीही मिळालं.

पहाटे मी दारात येऊन उभी राहिले. अंगणाला हात लावायची मला मुभा नव्हती. आधी झाडण्यांचा आवाज आला, मग बादल्यांचा. ऑईलपेंट पाण्यानं जात नाही, पण दाट शेणाखाली दिसतही नाही. बायकांनी त्या दिवशी सडा नाही घातला, सारवलंच. एकेक आकडा खाली गेला. वर पीठ आलं, पिठाभोवती काव. उजेड झाला तेव्हा तळ्यापासून वरपर्यंत लाल चौकटी उमटल्या होत्या, मधे काही काळे तुकडे. आमचा त्यातला एक.

मामींची रांगोळी झाली होती. त्या कंबरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहत होत्या. अक्का समोर गाठोडी घेऊन भिंतीला टेकलेली. पहिल्या बसनं आलेली. वर गल्लीच्या तोंडाशी कंत्राटदाराची माणसं कागद घेऊन उतरताना दिसली. वडील माझ्या मागे येऊन उभे राहिले.

मामींनी बादली उचलली. चार पावलं सरकल्या आणि आमच्या दारात वाकल्या. भराभर सारवलं, ठिपके टाकले, रेघा ओढल्या. आईचा हात बारीक होता, मामींचा जाड. मग काव घेतली आणि किनार मारायला त्यांच्या बाजूनं सुरुवात केली. आमच्या जागेत वीतभर आत. चांगली भरघोस वीत. मी पाहिली, त्यांनी मला पाहताना पाहिलं.

"आता घाल नकाशात," त्या म्हणाल्या.

किनार जुळायला आणि ती माणसं पोचायला एकच वेळ झाली. दोघं होते, मागे कव्हरांच्या पेट्या घेतलेला तिसरा. त्यांनी कागद पाहिला, जमीन पाहिली, परत कागद पाहिला. एकानं नम्रपणे विचारलं, अम्मा, सत्तेचाळीस नंबर कुठे आला?

"खाली आहे," मामी म्हणाल्या. "पुसून बघ."

तो वाकलासुद्धा नाही. त्यानं चपलेचं टोक किनारीजवळ नेलं आणि मागे घेतलं. समोरच्या ओट्यावर, कढयांवाला ज्यांच्या दारात बसतो त्या बाई येऊन बसल्या, त्यांच्या शेजारी आणखी दोघी. पेट्यावाल्यानं पेट्या खाली ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, त्या खांद्यावरच राहिल्या. मग मामींनी रस्त्यापलीकडे पाहिलं आणि, आमच्या घरातून म्हणायचं तेही स्वतःच म्हणाल्या, "या." अक्का आली आणि तिनं चटई पसरली.

आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. ज्या दारांत किनार नव्हती तिथे कव्हरं बसली. तळ्याच्या टोकाला, जिथे घरंच नाहीत, तिथे कंत्राटदाराचा पाळणा फिरला आणि त्याला गर्दीही झाली. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः येऊन गेले. ते गल्लीच्या मधोमध, माझ्या तुटक रेषेच्या वाटेनं चालले, कुठेही किनारीवर पाय न देता. जाताना त्यांनी दगडी भांडं वाजवून पाहिलं. अक्कानं सांगितलं, तडा नाही, सर, कान नीट लावा.

जत्रेनंतर मंडळाला पत्र आलं. जागेवरची स्थिती नकाशाशी जुळत नाही, तरी सुधारित नकाशा क्रमांकांसह सादर करावा. माडीवर यावर चर्चा झाली. कॉफीवाले पुन्हा म्हणाले, देऊन टाका. यावेळी बैठकीला तीन बायका होत्या. वहीत नाव घातल्याशिवाय बसणार नाही असं सांगून, नावं चढल्यावरच त्या बसल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीनं कॉफीवाल्यांना विचारलं, तुमच्या दारात यंदा कोण बसलं होतं? कव्हरंच ना?

उत्तर मी लिहिलं. मी शिकले, माझा अर्ज या मंडळानं भरला, माझी मापं मी एका चटईवर शिकले. त्या शिक्षणाचा उपयोग मी एकदा चुकीचा केला, दुसऱ्यांदा करणार नाही. पत्रात एवढंच आहे: जत्रेचा नकाशा दरवर्षी पहिल्या दिवशी पहाटे जमिनीवर काढला जातो, त्याची प्रत निघत नाही, पाहायला यावे. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं, रुमालातून शिक्का काढला आणि मारला. तो वाकडा आला. त्यांनी तसाच राहू दिला.

अक्कानं मात्र त्या दहा दिवसांत मला सोडलं नाही. वीतभर जागा गेली ती गेलीच, आणि तिची मोठी भांडी तेवढ्यात मावत नव्हती. त्यातली दोन तिनं आमच्या ओट्यावर चढवून ठेवली. पुढच्या वर्षी सुतक संपलं की ती वीत मी परत घ्यायची, असं तिनं मला बजावलं आहे. मामींना ते ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, घेऊन दाखव.